कंठपट्टी

दर्शना गोताडच्या नावावर टॉवरमध्ये जे पहिलं बोलणं ऐकू गेलं, ते ती बोललीच नव्हती.

देवसड्याच्या विमानतळावर कंठपट्टी येऊन फार दिवस झाले नव्हते. सकाळची वेळ, कातळावर दव, आणि दर्शना आपली जीप घेऊन धावपट्टीच्या तोंडाशी परवानगीची वाट बघत उभी. रात्रीतून धावपट्टीवर काही येऊन पडलंय का, सुटलेला बोल्ट, टायरचा तुकडा, मेलेलं पाखरू, हे पहिलं विमान उतरायच्या आत बघून घ्यायचं, हे तिचं काम. टॉवरने बोलावल्याशिवाय आत चाक घालायचं नाही, आणि बाहेर आलं की धावपट्टी मोकळी झाल्याचं कळवायचं. ती ओठ मिटून, स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसली होती. आणि वर टॉवरमध्ये यंत्राच्या स्वच्छ इंग्रजी आवाजात कोणीतरी रामाचा जयजयकार करत होतं. थांबायचं नाव नाही. शेवटी आकाशातले पायलटच विचारू लागले, हे कोण बोलतंय म्हणून.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ही गोष्ट सगळ्या ड्रायव्हरांत पसरली. तिचा दीर नितेश डबा उघडता उघडता म्हणाला, "वैनी, टॉवरचे साहेब विचारत होते, आरती किती वाजता असते. चपला खाली काढून वर चढतायत म्हणे आता."

सगळे हसले. दर्शनाही हसली आणि तिने आपल्या डब्याचं झाकण लावलं. जे एका घरात राहणाऱ्या माणसांनाही कधी कळू दिलं नव्हतं, ते यंत्राने चारचौघांत उघडं केलं होतं.

कंठपट्टी म्हणजे दिसायला गळ्याभोवतीचा काळा, मऊ पट्टा. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही त्याची जीभ आणि घशाचे स्नायू अगदी किंचित हलत असतात. मेंदूकडून त्या स्नायूंना बारीकशी वीज जाते. आवाज होत नाही, ओठ हलत नाहीत, पण वीज जाते. पट्टी ती वीज त्वचेवरून टिपायची, तिचे शब्द करायची, शब्दांचं इंग्रजी करायची आणि रेडिओवरून टॉवरला सांगायची. जेट इंजिनाशेजारी उभं राहून माणूस कितीही ओरडला तरी रेडिओवर नुसती घरघर जाते. स्नायूंतल्या विजेला त्या घरघरीशी काही देणंघेणं नव्हतं.

पण सड्यावरच्या, त्या कातळाच्या माळावरच्या लोकांना पट्टीचं कौतुक होतं ते वेगळ्याच कारणासाठी. विमानतळासाठी ज्यांचे आंबे-काजू गेले त्या गावांतल्या माणसांना आत कामं मिळाली ती झाडण्याची, बॅगा उचलण्याची. धावपट्टीवर गाडी न्यायची तर टॉवरशी इंग्रजीत, ठरलेल्या शब्दांत, न अडखळता बोलावं लागे, आणि त्या परीक्षेत ही माणसं दरवर्षी नापास होत. पट्टी आली आणि मराठीत मनात म्हटलेलं वर इंग्रजीत पोचू लागलं. दर्शनाच्या हातचा झाडू गेला आणि जीप आली. नवरा तापाने गेल्यापासून घर तिच्या आणि नितेशच्या जिवावर चाललं होतं. जीपवर बसली त्या दिवशी नितेशने गावभर पेढे वाटले.

म्हणूनच पुण्याहून इंजिनिअर क्षितिजा बर्वे आली, तेव्हा दर्शना तिच्यासमोर गुन्हेगारासारखी बसली.

क्षितिजा वयाने लहान, बोलायला हळू. तिने एवढंच सुचवलं की पट्टी गळ्यात असेल तोवर मनातलं रामनाम बंद ठेवावं, बाकी दिवस आहेच. दर्शनाने प्रामाणिकपणे करून पाहिलं. लक्ष ठेवलं की नाम थांबे. लक्ष धावपट्टीकडे गेलं की ते पुन्हा सुरू झालेलं असे. लग्नाआधी आईने ते तिच्या कानात सांगितलं होतं. सुरुवातीची वर्षं ती ते घ्यायची, नेमाने, माळ हातात धरून. मग नवरा गेला, त्या दिवसांत कधीतरी माळ सुटली आणि नाम आपलं आपण चालू लागलं. भाकरी थापताना, जीप चालवताना, नितेशच्या मुलीला न्हाऊ घालताना. ती ते घेत नव्हतीच. ते होतं, आणि त्याच्या आधाराने ती होती.

हे तिला नीट सांगता आलं नाही. ती म्हणाली, "ते माझ्या हातात नाही हो मॅडम. मी झाडूवर परत जाते. पण ते थांबवायला नका सांगू."

क्षितिजाने समोरची वही मिटली. मग म्हणाली, "तुम्ही कशाला जाता? पट्टीलाच शिकवू आपण."

दोन दुपारी दर्शना तिच्यासमोर डोळे मिटून बसली आणि पडद्यावर नामाची लाट उमटत राहिली, एकीसारखी दुसरी. क्षितिजाला त्यातच वाट सापडली. सांगण्यासारखं बोलणं दर वेळी थोडं बदलतं, असं तिने मांडलं. जागा बदलते, आकडा बदलतो, होकाराचा नकार होतो. जे जराही न बदलता परत परत येतं ते टॉवरसाठी नसतं. तेव्हा पट्टीने पहिली लाट जाऊ द्यायची, आणि मागून तीच, तशीच येऊ लागली की ती गाळून टाकायची. गाळणी चालली. नुसत्या नामासाठीच नाही. तंबाखू चघळणाऱ्यांचा जबडा, कोणाचं मनातल्या मनात गुणगुणणं, तेही तिच्यात गळू लागलं. सगळ्या पट्ट्या एकमेकींपासून शिकत, म्हणून दर्शनाच्या पट्टीला जे कळलं ते आठवड्याभरात सगळ्या गळ्यांत गेलं. बॅगांच्या गाडीवर असलेल्या नितेशच्या गळ्यातही पट्टी होती. तो म्हणाला, "वैनीच्या पुण्याईने माझी तंबाखू वाचली."

दर्शनाने त्या संध्याकाळी देवापुढे दोन वाती जास्त लावल्या. पोटाची सोय झाली होती आणि आतलंही सांभाळलं गेलं होतं. इतकं सगळं आपल्याला मिळावं याची तिला थोडी भीतीच वाटली.

पुढच्या वर्षी नितेशलाही जीप मिळाली आणि त्याला शिकवायचं काम तिच्याकडे आलं. नितेश म्हणजे झोपेतही बोलणारा माणूस. एक गोष्ट सांगायला तो दहा गोष्टी सांगायचा. रेडिओवर ते चालत नाही. एका लहरीवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो; दोघे एकदम बोलले तर दोघांचंही जातं आणि ऐकणाऱ्याला नुसता किचाट ऐकू येतो. म्हणून बोलायचं ते तोकडं, आणि उत्तर नाही आलं तर तेच परत बोलायचं. घाबरल्यावर माणूस दर वेळी वेगळं सांगू लागतो आणि ऐकणारा गोंधळतो, हे तिला तिच्या शिक्षकांनी बजावलं होतं आणि तिने नितेशला बजावलं. "शब्द बदलायचे नाहीत. तेच वाक्य, तसंच्या तसं, वरून हाक येईपर्यंत." ती त्याच्याकडून ते घोकून घेई. तो वैतागून म्हणे, "तुमच्या नामासारखंच झालं की हे."

ते दोघांच्याही लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. क्षितिजाच्याही आलं नाही.

माघातली सकाळ होती. दरीतून धुकं वर चढून सड्यावर पसरलं होतं. नितेश तपासणीला धावपट्टीवर गेला आणि मध्यावर त्याच्या जीपची बॅटरी मेली. तिच्याबरोबर टॉवरच्या नकाशावरचा तिचा ठिपकाही विझला. गाडी बाहेर पडली की ठिपका असाच विझायचा, म्हणून कोणाला वावगं वाटलं नाही. पट्टीची वीज वेगळी, ती चालू होती. नितेशने कळवलं. नेमका त्याच क्षणी उतरणारा पायलट टॉवरशी बोलत होता. दोघांचं एकमेकांवर पडलं, आणि टॉवरने पायलटला परत बोलायला सांगितलं. मग नितेश तेच परत बोलला. मग परत.

टॉवरला काही ऐकू आलं नाही. ठिपका विझलेला, तेव्हा किचाटात दबलेलं ते बोलणं जीप बाहेर पडल्याचंच असणार, असं वर धरलं गेलं. मोकळ्या दिसणाऱ्या धावपट्टीवर विमानाला उतरायची परवानगी मिळाली.

धावपट्टीच्या कडेला पळून जायला नितेशला हवा तेवढा वेळ होता. तो पळाला नाही. हातातला दिवा हलवत तो धुक्यात विमानाच्या दिशेने धावत गेला. पायलटला तो दिवा दिसला तेव्हा चाकं टेकली होती. विमान वळवलं गेलं, कातळावर घसरलं, एक पंख मोडला, माणसं जखमी झाली पण वाचली. नितेश वाचला नाही.

दर्शना तेव्हा बाहेरच्या फाटकाशी आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. तिला फक्त आवाज ऐकू आला.

तेराव्यानंतर चौकशीतलं एक वाक्य पेपरात छापून आलं: चालकाने गाडी बंद पडल्याचं टॉवरला कळवलंच नाही. गावात कुजबुज झाली. कोणी म्हणालं झोप लागली असेल, कोणी म्हणालं घेतली असेल. नितेशची बायको प्राजक्ता सगळं ऐकून घेई आणि रात्री दर्शनाला एकच विचारी, "ताई, ते गप्प बसणारे होते का हो? तुम्हीच सांगा."

पावसाळ्याआधी एका दुपारी क्षितिजा घरी आली. भेटायला आले म्हणाली, पण पाणीही न पिता पडवीत बसून राहिली. प्राजक्ता मुलीला घेऊन विहिरीवर गेल्यावर तिने सांगितलं. स्नायूंची मूळ वीज पट्टीतच साठलेली असते. ती तिने गाळणी न लावता काढून पाहिली होती.

"नितेश बोलत होता," क्षितिजा म्हणाली. "शेवटपर्यंत बोलत होता."

"काय?"

"जीप दोन, रनवेवर आहे, गाडी बंद. तेच वाक्य. एक अक्षर बदललं नाही त्याने."

दर्शनाला पुढचं सांगावं लागलं नाही. पडद्यावरची ती लाट, एकीसारखी दुसरी, तिने स्वतः पाहिली होती.

क्षितिजा मान खाली घालून बोलत राहिली. चूक तिची होती, गाळणी तिची होती, ते ती लिहून देणारच होती आणि तिची नोकरी जाणार होती. पण गाळणी मुळात का केली, हे विचारलं जाईल. तिथे तिला तंबाखू लिहिता येत होती. निम्मे ड्रायव्हर तंबाखू खातात, नितेशही खायचा, कोणी दुसरं काही विचारणार नाही. नितेशने कळवलं होतं हेही सिद्ध होईल. आणि या घरात दोघी बायकांना एकत्र राहायचं आहे.

दर्शनाने विचारलं, "त्या वेळी होती त्याच्या तोंडात?"

"नव्हती. पण ते आता कोणाला कळणार?"

विहिरीवरून नितेशच्या मुलीचं हसणं ऐकू येत होतं. तंबाखू म्हटलं की सगळं सोपं होणार होतं, हे दर्शनाला दिसत होतं. प्राजक्ता रडेल, त्याच्यावर चिडेल, कितीदा सांगितलं होतं म्हणेल, आणि आपल्याच कुशीत येऊन रडेल. आपण तिच्या पाठीवरून हात फिरवू. आणि ते करत असताना आत नाम चालू असेल.

"नामासाठी केली म्हणून लिहा," ती म्हणाली. "माझ्या. नावगाव घालून लिहा. प्राजक्ताला मी सांगते."

तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. चुलीपुढे बसून, काही न लपवता, पट्टीचं, गाळणीचं, घोकून घेतलेल्या वाक्याचं. प्राजक्ताने भाताखालचा जाळ मागे ओढला आणि सगळं ऐकून घेतलं. ओरडली नाही. भातावरचं झाकण सारखं करून म्हणाली, "त्या वेळी तुम्ही फाटकावर होता ना?"

"हो."

"नाम चालू होतं तुमचं?"

"हो गो."

प्राजक्ता जाळाकडे बघत राहिली. "म्हणजे तुमचं पोचलं," ती म्हणाली. "त्यांचं नाही पोचलं."

एवढं बोलून ती उठली आणि मुलीला जेवायला वाढलं. दर्शनालाही वाढलं. पुढे कधी तिने तो विषय काढला नाही. घर सोडून गेली नाही, माहेरी निरोप धाडला नाही, दर्शनाला ताई म्हणायचं सोडलं नाही. फक्त दर्शना देवापुढे बसली की ती मुलीला हाताला धरून अंगणात न्यायची आणि दिवा शांत होईपर्यंत बाहेरच थांबायची.

चौकशीत दर्शनाने सगळं परत सांगितलं. नितेशवरचा ठपका पुसला गेला. पेपरात तेही आलं, आतल्या पानावर. क्षितिजाला वाटलं होतं तसं झालं नाही. गाळणी दुसऱ्या कोणाला नीट कळत नव्हती, म्हणून तिला ठेवून घेतलं आणि तिच्याच हातून ती उपसून काढायला लावली. पट्ट्या मात्र राहिल्या. देशभर इतक्या विमानतळांवर इतक्या गळ्यांत गेलेली वस्तू मागे घ्यायला कोणी तयार नव्हतं. वरून नवा नियम आला. यापुढे पट्टी काहीही गाळणार नाही; त्याऐवजी ज्याचा कंठ मुळात शांत असेल त्यालाच पट्टी मिळेल. गाडीवर बसायचं तर परीक्षा द्यायची. एरवी वर न पोचणारं बारीकसारीकही टिपेल इतकी हळवी केलेली पट्टी घालून, काही न बोलता, पडद्यासमोर बसायचं, आणि पडद्यावर लाट उठता कामा नये.

ड्रायव्हरांत हाहाकार उडाला. काहीही न बोलणं म्हणजे काय, हे तोवर कोणाला ठाऊकच नव्हतं. एक जण मनात पोरांच्या फिया जुळवत होता, तो पकडला गेला. एक जण आतल्या आत बायकोशी भांडत होता आणि यंत्राने ते भांडण इंग्रजीत ऐकवलं. म्हातारे शिवलकर नापास होऊन बाहेर आले आणि म्हणाले, "साठ वर्षं मी स्वतःला अबोल समजत होतो."

दर्शना नापास होणार, हे सगळ्यांनी धरलंच होतं. क्षितिजाने तिच्यासाठी विमानतळात शिरायचे पास देण्याच्या खिडकीवरची जागा बोलून ठेवली होती. आत घेताना ती हळूच म्हणाली, "नुसतं बसा. नाही झालं तर नाही. तुमची सोय केली आहे मी."

दर्शना बसली. पट्टी गळ्याला लागली. पडद्यावर एक रेघ आली आणि सरळ पुढे जात राहिली.

क्षितिजा बघत होती. तिने तार दाबून पाहिली. दर्शनाच्या गळ्यावरचा घाम पुसून पट्टी परत लावली. मग दुसरी पट्टी आणली. रेघ सरळच होती. तिने दर्शनाला मनात स्वतःचं नाव म्हणायला सांगितलं, तेव्हा रेघ उसळली. यंत्रात काही बिघाड नव्हता. नाव संपलं आणि रेघ पुन्हा आडवी झाली.

"ताई," क्षितिजा म्हणाली. इतकी वर्षं ती दर्शनाला गोताडबाई म्हणत आली होती. "कधीपासून?"

दर्शनाने आठवून पाहिलं. चुलीपुढे ते होतं का? होतं बहुतेक. चौकशीत? तिथे खोलीत माणसं फार होती. नंतरच्या दिवसांत ती देवापुढे बसायची तेव्हा बाहेर अंगणात मुलीची पावलं वाजायची, आणि तिचं लक्ष तिकडेच असायचं. मधे कुठेतरी ते गेलं होतं.

"आपणहून आलं होतं ते," ती म्हणाली. "जातानाही सांगून नाही गेलं."

"परत घेऊन बघा ना. बाहेर गेल्यावर. मी हा निकाल आज लिहीत नाही."

"घेते मी रोज," दर्शना म्हणाली. "घ्यायला लागतं आता. घेतलं की येतं, सोडलं की थांबतं. लिहा तुम्ही."

क्षितिजाने लिहिलं. बाहेर उभे असलेले ड्रायव्हर निकाल ऐकून थक्क झाले. शिवलकरांनी तर हात जोडले. म्हणाले, आयुष्यभर देवाचं केलं त्याचं हे फळ, मन असं स्थिर झालं की यंत्रालाही काही सापडेना. दर्शनाने त्यांना काही सांगितलं नाही. त्यांच्या हातची गाडी गेली होती. निदान एवढं तरी त्यांना चांगलं वाटू द्यावं, असं तिच्या मनात आलं.

घरी पोचली तेव्हा प्राजक्ता मागच्या दारी कुळीथ पाखडत बसली होती. तिने वर न बघता विचारलं, "काय झालं?"

"पास झाले. सोमवारपासून जीपवर."

सूप थांबलं. परीक्षा कसली होती ते गावात सगळ्यांना माहीत होतं, प्राजक्तालाही होतं. तिने वर बघितलं. नितेश गेल्यापासून तिने दर्शनाकडे असं सरळ बघितलंच नव्हतं.

"मी तसं बोलले म्हणून?"

दर्शनाला नाही म्हणता आलं असतं. तिने खांद्यावरची पिशवी उतरवली आणि उंबऱ्यावर बसली. "माहीत नाही गो," ती म्हणाली. "तू बोललीस ते खोटं नव्हतं."

प्राजक्ताच्या हातातल्या सुपातून चार दाणे खाली सांडले. ते तिने एकेक करून वेचले. मग अगदी हळू, आजाऱ्याला विचारावं तसं तिने विचारलं, "मग आता तिथं आत काय असतं, ताई?"

दर्शनाने खरंच आत लक्ष देऊन पाहिलं.

"काही नाही," ती म्हणाली. "टॉवर बोलला की लगेच ऐकू येतं."